बोगद्यापलीकडे रस्ता नाही: स्वेन काउंटीतल्या एका कराराचं प्रकरण

मी पहिल्यांदा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, स्वेन काउंटीतल्या ब्रायसन सिटीला गेलो तो निव्वळ पानांचे रंग बघायला. ऑक्टोबरमध्ये शार्लटहून गाडी काढायची, तीन-साडेतीन तासांत स्मोकी डोंगर गाठायचे, फोटो काढायचे, परत. हॉटेलातल्या बाईंनी सहज विचारलं, टनेल बघितलात का. नाही म्हटलं. तर गावातून लेकव्ह्यू ड्राइव्ह नावाचा रस्ता लागतो, त्याच्या सुरुवातीलाच एक मोठा रंगवलेला बोर्ड, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की कुठेच न जाणाऱ्या रस्त्यावर आपलं स्वागत, हे मोडलेलं वचन आहे, १९४३ ते आणि पुढे प्रश्नचिन्ह. मला वाटलं टुरिस्ट लोकांसाठी केलेली गंमत असेल. पुढे रस्ता मात्र झकास, दोन लेनचा, डांबरी, वळणावळणाचा, एका खोल ओढ्यावरचा उंच पूल, आणि मग एकदम अडथळे लावून बंद. गाडी तिथेच लावायची. चालत थोडं पुढे गेलं की बाराशे फुटांचा बोगदा, आत दिवे नाहीत, मोबाइलचा टॉर्च लावून जायचं, भिंतींवर पोरांनी स्प्रेनं लिहिलेली नावं आणि बदाम, आणि पलीकडच्या तोंडाशी उजेडात बाहेर आलात की रस्ताच नाही. जंगल. एक पायवाट. म्हणजे डोंगर फोडून पक्का बोगदा बांधला आणि पलीकडे शंभर पावलांत काम सोडून लोक घरी गेले, असं ते दृश्य आहे.

त्यानंतर हे प्रकरण डोक्यातून जाईना, मग वाचत गेलो, दोनदा परत जाऊन आलो. ते इथे सगळं एकदा सलग लिहून काढतोय, कारण मराठीत धरणग्रस्तांवर ढीगभर लिहिलं गेलंय पण अमेरिकेतही बुडीत गावं आहेत, तिथेही वचनं दिली गेली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

आधी जागा समजून घ्या

स्वेन काउंटी १८७१ साली जॅक्सन आणि मेकन या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून झाली, डेव्हिड स्वेन नावाच्या जुन्या गव्हर्नरच्या नावावरून. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं काहीतरी समजा, पण स्वतःचे कर, स्वतःची शाळा, स्वतःचा शेरीफ. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १४,११७. आपल्याकडे एवढी माणसं एका मोठ्या बाजारगावात असतात. आणि काउंटीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन सरकारच्या किंवा चेरोकी या मूळ रहिवाशांच्या ताब्यात, म्हणजे स्मोकी डोंगराचं राष्ट्रीय उद्यान, नांतहालाचं राखीव जंगल आणि चेरोकींची क्वाला बाउंडरी. कर लावायला उरते ती नदीकाठची चिंचोळी पट्टी. हे लक्षात ठेवा, पुढे पैशाची गोष्ट येते तेव्हा हेच कामाला येतं.

या प्रकरणावर जे लिहिलं जातं ते बहुतेक १९४३पासून सुरू होतं. मला ते पटत नाही. ब्रायसन सिटीपासून थोड्या अंतरावर टकासीजी नदीच्या काठी किटुवा नावाचं सपाट रान आहे, मधोमध एक बुटका उंचवटा. चेरोकी लोक त्याला आपलं मूळ गाव मानतात, मायगावच म्हणा. शतकानुशतकं नांगरून नांगरून तो उंचवटा झिजला. १८३८ साली सैन्यानं चेरोकींना घरातून काढून पश्चिमेला ओक्लाहोमाकडे हाकललं तेव्हा काही जण डोंगरात लपले, त्यातला त्साली नावाचा म्हातारा आणि त्याची माणसं, त्यांच्या हातून पहाऱ्यावरचे सैनिक मारले गेले आणि त्सालीला गोळ्या घातल्या. ती जागा आज फोंटाना धरणाच्या तलावाखाली आहे असं मानतात (धरणाची गोष्ट पुढे येते). जे मागे राहिले त्यांचेच वंशज आज ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी म्हणून ओळखले जातात आणि १९९६ साली त्यांनी किटुवाची ३०९ एकर जमीन चक्क बाजारभावानं विकत घेतली. आपलंच गाव आपणच पैसे मोजून. म्हणजे १९४३ मध्ये ज्या गोऱ्या कुटुंबांना उठवलं त्यांच्या आज्या-पणज्या ज्या खोऱ्यात आल्या ते खोरं आधीच एकदा रिकामं केलेलं होतं. हे म्हटलं की काही लोकांना राग येतो, पण क्रम असाच आहे.

दुसरी गोष्ट, हे खोरं म्हणजे काही आदिम जंगल नव्हतं. मोझेस प्रॉक्टर नावाचा माणूस १८३०च्या आसपास हेझल क्रीक ओढ्याकाठी येऊन राहिला, त्याच्यावरूनच पुढे गावाला प्रॉक्टर नाव पडलं. १८८४ साली ब्रायसन सिटीपर्यंत रेल्वे आली (तेव्हा गावाचं नाव चार्ल्सटन होतं, १८८९ साली बदललं), आणि रेल्वेमागून लाकूडवाले आले. रिटर लंबर कंपनीनं १९१० ते १९२८ या काळात हेझल क्रीकचं अख्खं खोरं कापून काढलं. प्रॉक्टरमध्ये त्या काळात वीज, सिनेमा थिएटर, न्हाव्याचं दुकान, रेल्वे स्टेशन, हजारावर वस्ती. आज तिथे गेलात तर झाडीत लाकूड वाळवण्याच्या भट्टीचे काँक्रीटचे सांगाडे दिसतात, अंगावर शेवाळ, आणि पार्कच्या नकाशावर आजूबाजूला सगळं हिरवंगार. झाडं संपली तशी कंपनीनं गाशा गुंडाळला. त्यानंतर जे उरले ते पुन्हा मका, डुकरं, मधमाश्या आणि अर्थात हातभट्टी यावर आले. हॉरेस केपहार्ट हा लेखक १९०४ ते १९०७ या काळात तिथेच एका खोपटात राहिला आणि या डोंगरी माणसांवर त्यानं जे लिहिलं त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांची प्रतिमा जी काय बनायची ती बनली, थोडी खरी आणि थोडी गडद रंगवलेली. पुढे त्यानंच राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून जोर लावला. उद्यान १९३४ साली झालं.

पर्ल हार्बरनंतर दहा दिवस

७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बर झालं. विमानांना अॅल्युमिनियम लागतं, अॅल्युमिनियमला वीज लागते, आणि डोंगरापलीकडे टेनेसीत अल्कोआ कंपनीचा प्रचंड कारखाना. लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरण बांधायचं आधीपासून घाटत होतंच, दहा दिवसांनी मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी १९४२ला काम सुरू झालं. बांधणार टीव्हीए, म्हणजे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, न्यू डीलमधली, म्हणजे रुझवेल्टच्या मंदीकाळातल्या योजनांमधली, सरकारी संस्था. तीन पाळ्यांत चोवीस तास काम, हजारो कामगार, त्यांच्यासाठी रातोरात उभं केलेलं गाव. नोव्हेंबर १९४४ला दरवाजे बंद करून पाणी अडवायला सुरुवात आणि जानेवारी १९४५ला वीज. ४८० फूट उंच, अमेरिकेच्या पूर्व भागातलं सगळ्यात उंच धरण, तीन वर्षांत. इंजिनिअर म्हणून बघितलं तर थक्क व्हायला होतं, खोटं कशाला बोला.

पाण्याखाली गेली ती गावं: आल्मंड, जडसन, बुशनेल आणि अशी बरीच. टीव्हीएच्या हिशोबात १,३११ कुटुंबं हलवली, १,०४७ थडगी उकरून दुसरीकडे नेली, साठ मैलांवर रस्ते बदलले. आपल्याकडे पाणी उतरलं की उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात, तसं इथे हिवाळ्यात फोंटानाचं पाणी मुद्दाम खाली आणतात तेव्हा जुन्या रस्त्याची पट्टी आणि घरांचे पाये उघडे पडतात. लोक बूट घालून चिखलात उतरतात, आपल्या आजोबांच्या दुकानाची पायरी शोधत.

आपल्याकडे १९२१ साली मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढे होते. इथे तसलं काही झालं नाही. होणारच नव्हतं. ज्याच्या हातात नोटीस पडली त्याचा मुलगा युरोपात नाहीतर पॅसिफिकमध्ये, धरणाला विरोध म्हणजे पोराच्या विमानाला विरोध. त्यात पेट्रोल आणि टायर रेशनवर, म्हणजे नवी जमीन शोधायला फिरायचं म्हटलं तरी फिरणार कसं. मिळेल त्या भावात दिली आणि निघाले.

आता खरं प्रकरण इथून पुढे आहे, कारण वाद धरणात बुडालेल्या गावांचा नाहीच. वाद आहे न बुडालेल्या गावांचा.

बुडीत नसलेले बुडीत

तलावाच्या उत्तर काठाला, म्हणजे तलाव आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या मधे, ४४,००० एकर जमीन होती. त्यातली बहुतेक पाण्याच्या वर राहणार होती. हेझल क्रीक, ईगल क्रीक, फोर्नी क्रीक, नोलंड क्रीक ही सगळी खोरी तिथलीच. पण तिथे जायचा एकच रस्ता, स्टेट हायवे २८८, नदीकाठानं, आणि तो पाण्याखाली जाणार होता. २१६ कुटुंबं तिथे राहत होती. डोंगरातून नवा रस्ता काढायचा तर खर्च दहा लाख डॉलरच्या वर, आणि युद्धात माणसं, सिमेंट, यंत्रं कुठून आणणार. मग टीव्हीएनं सरळ हिशोब केला की रस्त्यापेक्षा जमीन स्वस्त. सगळी ४४,००० एकर विकत घ्यायची, उद्यानाला देऊन टाकायची, वस्तीच नसेल तर रस्त्याचा प्रश्नच नाही. ऑफिसात बसून बघितलं तर बिनतोड.

फक्त काउंटीचं काय. हा २८८ नंबरचा रस्ता काउंटीनं कर्जरोखे काढून बांधलेला आणि ते कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. रस्ता पाण्यात जाणार, कर्ज डोक्यावर राहणार. म्हणून ३० जुलै १९४३ला चौघांत करार झाला: टीव्हीए, केंद्राचं गृहखातं (म्हणजे तिथलं इंटिरियर डिपार्टमेंट, उद्यानं ज्याच्याकडे असतात ते, पोलिसवालं नव्हे), नॉर्थ कॅरोलायना राज्य आणि स्वेन काउंटी. जमीन उद्यानाकडे जाईल. राज्य ब्रायसन सिटीपासून उद्यानाच्या हद्दीपर्यंत रस्ता करेल. आणि इंटिरियर खातं उद्यानातून उत्तर काठानं फोंटाना धरणापर्यंत नवा रस्ता बांधेल, युद्ध संपल्यावर, काँग्रेसनं (म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं) त्यासाठी पैसे मंजूर केले की.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. पैसे मंजूर केले की. कधीपर्यंत, ते नाही. नाही केले तर काय, ते नाही. व्याज नाही, दंड नाही, तारीख नाही. मी रोज सॉफ्टवेअरची काँट्रॅक्टं बघणारा माणूस आहे, वकील नाही, पण असलं कलम आमच्या ऑफिसातला नवा पोरगासुद्धा लाल करून परत पाठवेल. काउंटीच्या लोकांना हे कळलं नसेल असं मी म्हणणार नाही, युद्धाचा काळ होता आणि सरकारनं सही करून दिलंय म्हणजे करेल असंच सगळ्यांना वाटलं असणार. आणि काउंटी ते जुनं कर्ज, पाण्याखालच्या रस्त्याचं, १९७०च्या दशकापर्यंत फेडत बसली.

पण माझ्या मते यापेक्षा मोठी खोच दुसरीच आहे आणि ती फार कमी जण बोलतात. सह्या चौघांच्या आहेत. ज्यांची घरं गेली ती २१६ कुटुंबं कुठेच नाहीत. वचन दिलं ते काउंटीला. आणि तरी त्या वचनावर विसंबून सगळ्यात मोठा निर्णय घेतला तो या कुटुंबांनी. कुठला, तर थडग्यांचा. पाण्याखाली जाणारी थडगी हलवणं भागच होतं, पण उत्तर काठावरची स्मशानं उंचावर, ती सुकी राहणार होती. रस्ता होणारच आहे, मग आईला, लहानपणी गेलेल्या पोराला कशाला उकरायचं, राहू दे तिथेच, येत-जात राहू. असं म्हणून त्यांनी आपली माणसं मागे ठेवली. सव्वीस-अठ्ठावीस स्मशानं आणि हजाराच्या आसपास थडगी त्या बाजूला राहिली.

काही जण मात्र अडले. सहा जमिनींच्या मालकांनी विकायला नकार दिला, त्यांचं म्हणणं साधं, आमची जमीन धरणाला लागत नाही, पाण्याखाली जात नाही, मग धरणाच्या नावाखाली का घेता. आणि गंमत बघा, जिल्हा न्यायालयात ते जिंकले, अपिलातही जिंकले. १९४६ साली प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, युनायटेड स्टेट्स विरुद्ध वेल्च या नावानं, आणि तिथे हरले. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की रस्त्याचा प्रश्न हा धरणामुळेच उद्भवला, तो सोडवायची सगळ्यात शहाणी पद्धत टीव्हीएनं निवडली, म्हणून ही सगळी जमीन घेण्याचा अधिकार तिला आहे. आजही सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याच्या प्रकरणांत हा निकाल काढला जातो. म्हणजे स्वेन काउंटीच्या डोंगरातले सहा तुकडे कायद्याच्या पुस्तकात कायमचे गेले, मालकांच्या हातून मात्र गेलेच.

सात मैल आणि एक दगड

युद्ध संपलं. १९४७-४८च्या सुमाराला धरणाच्या बाजूनं एक मैल रस्ता झाला. राज्यानं आपला शब्द पाळला, थोडा उशिरा का होईना, १९५९पर्यंत उद्यानाच्या हद्दीपर्यंत रस्ता आणून ठेवला. मग साठच्या दशकात ब्रायसन सिटीच्या बाजूनं उद्यान खात्यानं सहा मैल केले, तो बोगदा त्यातलाच. १९७०च्या आसपास काम थांबलं ते थांबलंच. तीसेक मैलांपैकी एकूण सात.

थांबायचं कारण दगड. या डोंगरांत अनाकीस्टा नावाचा खडक आहे, काळपट, पापुद्र्यांचा, त्यात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज. डोंगराच्या पोटात असतो तोपर्यंत काही नाही. फोडला, हवा लागली, पाऊस पडला की गंधकाम्ल तयार होतं आणि वाहत ओढ्यात जातं. ओढ्यातले ट्राउट मासे मरतात, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर मरतात (आणि स्मोकी म्हणजे सॅलमँडरची राजधानी, जगात एवढ्या जाती दुसरीकडे क्वचित सापडतील). हे काही नुसतं कागदावरचं भय नव्हतं, १९६३ साली याच उद्यानात दुसरीकडे मोठा हायवे नव्यानं वळवताना हाच खडक फोडला गेला आणि खालच्या ओढ्यातले मासे मेले होते. त्यात घसरणारे उतार, वाढत चाललेला खर्च, आणि पर्यावरणाचे नवे कायदे. तोवर उत्तर काठाचं जंगल परत वाढून असं दाट झालं होतं की पर्यावरणवाल्यांच्या नजरेत ते पूर्वेकडच्या सगळ्यात मोठ्या, रस्ते नसलेल्या अरण्यांपैकी एक. रिटरनं तासून टाकलेला डोंगर पन्नास वर्षांत अस्पर्शित झाला!

मला दोन्ही बाजू समजतात, आणि मी पर्यावरणवाल्यांकडेच झुकतो, तो रस्ता झाला नाही हे बरंच झालं. पण ज्यांच्याकडे सांगायला दुसरं काहीच उरलं नव्हतं त्यांना रस्ता सोडा असं सांगणं फार सोपं होतं. रस्ता मागणं ही त्यांच्या हातातली एकुलती एक दोरी होती, त्यांना रस्ता हवा होता का तर थडग्यापर्यंत जायचं होतं म्हणून, आणि तेवढंच कुठल्याही कागदावर नव्हतं.

बोटीतून स्मशानात

१९७०च्या दशकाच्या शेवटी उत्तर काठावर वाढलेल्या दोघी बहिणींनी पुढाकार घेऊन माणसं गोळा केली आणि संघटना उभी केली, मागणी अशी की रस्ता देत नाही तर निदान वर्षातून एकदा आम्हाला आमच्या थडग्यांपर्यंत न्या. १९७८ साली पहिला डेकोरेशन डे झाला. तेव्हापासून उद्यान खातं उन्हाळ्यात ठरल्या रविवारी बोटी आणि पलीकडे गाड्या देतं. डेकोरेशन ही या डोंगरातली जुनी रीत आहे, उद्यानाच्याही आधीची. आपली सर्वपित्री आणि गावजेवण एकत्र केलं तर जे होईल तसं काहीतरी, फक्त हसत-खेळत.

मला एकदा जायला मिळालं, ओळखीच्या एका घराबरोबर. दक्षिणेकडच्या धक्क्यावरून सपाट बुडाची बोट, त्यात म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या मांडीवर धरून बसलेल्या, दोन दाताळी, एक फावडं, प्लास्टिकच्या फुलांची पोती, आणि खाण्याचे झाकलेले ट्रे. पलीकडे उतरून पार्कच्या गाडीतून जुन्या रेल्वेच्या बांधावरून वर, मग चढ. स्मशानं सगळी टेकाडाच्या माथ्यावर. का, तर खालची सपाट जमीन मक्याला लागायची, मेलेल्यांना कोण देणार. ज्यांना चढवत नाही त्यांना पोरं हाताला धरून नेतात, थांबत थांबत.

वर गेल्यावर आधी काम. पानं ओढून काढायची, मग प्रत्येक थडग्यावर माती ओढून लांबट वरंबा घालायचा, अगदी ऊस लावायला घालतात तसा, आणि त्यावर फुलं खोचायची. गवत ठेवत नाहीत, माती उघडी हवी. सगळ्यांचे पाय पूर्वेला, उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून. बऱ्याच थडग्यांवर नावच नाही, ओढ्यातला एक दगड डोक्याशी आणि एक पायाशी. दोन दगडांमधलं अंतर वीतभर-दोन वीत असलं की कळतं, मूल. तशी खूप आहेत. माझ्याबरोबरच्या आजी एका बिननावाच्या दगडापाशी थांबून म्हणाल्या की ही कुणाची ते आता मला एकटीला माहीत आहे, आणि नातवाला म्हणाल्या, लिहून घे रे. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं. रेंज नव्हती, पण नोट सेव्ह झाली.

हिग्डन स्मशानात एक थडगं बाकीच्यांपासून जरा लांब आहे. १९१९च्या फ्लूच्या साथीत माणसं पटापट मेली तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा आणि मेलेल्यांना पुरणारा एक काळा कामगार होता, शेवटी तोही त्याच तापात गेला, आणि त्याला पुरलं ते कुंपणाच्या बाजूला, वेगळं. तिथले लोक स्वतःच हे सांगतात, लपवत नाहीत. त्याचं नाव कुणाला आठवत नाही, दगडावर फक्त काळा माणूस एवढंच. वरंबा त्यालाही घालतात, फूल त्यालाही.

मग पाद्री दोन शब्द बोलतो, गाणी होतात, वाद्यं नाहीत, आणि खाली येऊन लांब टेबलावर जेवण: तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, उकडलेल्या अंड्यांचे मसाला भरलेले अर्धे, केळ्याचं पुडिंग. मी घरून ढोकळा नेला होता, संपला.

पाच कोटी वीस लाख

२००० साली काँग्रेसनं अचानक एक कोटी साठ लाख डॉलर रस्त्यासाठी टाकले, सिनेटर जेसी हेल्म्स आणि तिथले खासदार चार्ल्स टेलर यांच्या खटपटीनं. त्यातून रस्ता होणार नव्हताच, पण कायद्यानं आधी पर्यावरणाचा सविस्तर अभ्यास करणं आलं आणि त्या अभ्यासात आकडा निघाला: पूर्ण रस्त्याला साठ कोटी डॉलरच्या घरात. गावात उभी फूट. एक बाजू म्हणाली रस्ता म्हणजे रस्ता, वचन म्हणजे वचन. दुसरी म्हणाली रस्ता या जन्मात होत नाही, रोख घ्या आणि शाळा चालवा. भावाभावांत बोलणं बंद झालं अशी घरं मला सांगणारे भेटले. २००३ साली काउंटी कमिशनर लोकांनी चार विरुद्ध एक मतानं पैशाच्या बाजूनं ठराव केला, आकडा पाच कोटी वीस लाख, बुडालेल्या रस्त्याची त्या काळची किंमत धरून वरचं व्याज लावून काढलेला. २००७च्या डिसेंबरमध्ये उद्यान खात्यानंही रस्ता नको, भरपाई द्या असा निर्णय दिला.

फेब्रुवारी २०१०ला ब्रायसन सिटीत सह्या झाल्या, इंटिरियर खात्याचे सेक्रेटरी केन सालाझार स्वतः आले, तिथलाच पोरगा हीथ शूलर (आधी फुटबॉलचा क्वार्टरबॅक, मग खासदार) बाजूला उभा. एक कोटी अठ्ठावीस लाख लगेच मिळाले. बाकीचे? बाकीचे काँग्रेसनं मंजूर केले की. हो, परत तेच कलम. सदुसष्ट वर्षांनी त्याच खड्ड्यात तोच पाय. वर्षामागून वर्ष गेलं, २०१६ साली काउंटीनं केंद्र सरकारवर दावा लावला, २०१७ साली चाळीस लाख आले आणि २०१८च्या जूनमध्ये उरलेले तीन कोटी बावन्न लाख. पैसे राज्याच्या खजिनदाराकडे ठेवलेत, काउंटीला व्याज मिळतं, मुद्दलाला हात लावायचा तर दोन तृतीयांश मतदारांचा कौल लागतो. हे एक कलम मात्र कुणीतरी शहाण्यानं घातलंय.

ज्या काउंटीत कर लावायला जमीनच नाही तिला हे व्याज मोठं आहे, यात शंका नाही. काउंटीचा हिशोब पूर्ण झाला असं मी म्हणेन. पण काउंटी म्हणजे ती कुटुंबं नव्हेत. त्यांच्यातली कितीतरी तेव्हाच टेनेसीत, जॉर्जियात पांगली, ती स्वेनमध्ये राहतही नाहीत, त्या व्याजातली शाळेची बस त्यांच्या दारावरून जात नाही. त्यांना १९४३ साली विचारलं नव्हतं आणि २०१० साली सही करायला टेबलावर खुर्ची नव्हती. त्या आजींना मी विचारलं, सेटलमेंटनं काय झालं. त्या दाताळ्याचे दात पुसत होत्या. म्हणाल्या, कमिशनरना विचार, मला कसला चेक आलाय.

जमिनीची नोंद उद्यानाच्या नावावर आहे, बोगदा आहे तिथेच आहे. डेकोरेशनच्या तारखा दर वर्षी पार्कवाले जाहीर करतात, कुठलं स्मशान कुठल्या रविवारी, बोट किती वाजता. आजींच्या घरी ते वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावलेलं असतं, आणि खाली नातवानं पेन्सिलीनं लिहिलंय, दोन दाताळी, हातमोजे, आजीची खुर्ची.